तूस, सालपट आणि रंगाचें पाणी

मनुष्यास रंगाची आवड केव्हां लागली, हें कोणासही नक्की सांगतां यावयाचें नाहीं. मोहन-जो-दडो येथील उत्खननांत मंजिष्ठेच्या जातीच्या रंगानें रंगविलेल्या सुती कापडाचा एक तुकडा सांपडला; त्यावरून आपल्या देशांत ही कला चार हजार वर्षांहून जुनी आहे एवढें सिद्ध होतें. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस फिलिप्पै येथें पौलाचें भाषण ऐकणारी थुवतीरा नगराची लुदिया आठवेल. जांभळीं वस्त्रें विकणें हा तिचा व्यापार होता. हळद, पळसाचीं फुलें, नीळ, मंजिष्ठ, डाळिंबाची साल हीं आमच्या आजीपणजीच्या काळचीं रंगद्रव्यें. तीं वनस्पतींपासून निघत, आणि कापड धुतांना जें पाणी सांडे तें बहुतेक मातीस मिळून जाई. आतां रंगही निराळे झाले आहेत व त्यांचें मानही निराळें झालें आहे. हा पालट कसा झाला, त्यामुळें नद्यांस काय भोगावें लागलें, आणि ज्या वस्तु आपण उकिरड्यावर टाकतों त्यांतूनच ह्या दुखण्यावर औषध कसें काढूं पाहत आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १८५६ मध्यें लंडन शहरीं विल्यम हेन्री पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा एक विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टींत आपल्या घरच्या लहानशा प्रयोगशाळेंत क्विनाइन हें हिंवतापावरील औषध कृत्रिम रीतीनें बनविण्याच्या खटपटींत होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारें ॲनिलीन नांवाचें द्रव्य त्यानें घेतलें होतें. औषध हातीं आलें नाहीं; परंतु भांड्यांत राहिलेला काळा साका मद्यार्कांत विरघळवितांना त्यास सुंदर जांभळा रंग दिसला. दुसऱ्या कोणी तें भांडें घांसून ठेविलें असतें. पर्किननें त्या रंगांत रेशमाचा तुकडा बुडविला, तो रंग टिकतो अशी खात्री करून घेतली, आणि त्याच वर्षीं आपल्या शोधाचें पेटंट मिळविलें. पुढें १८५८ मध्यें पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञानें शोधून काढलेल्या क्रियेवरून ‘ॲझो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रंगांचा मोठा वंश जन्मास आला. १८९७ सालीं जर्मनींतील कारखान्यांतून कृत्रिम नीळ बाजारांत येऊं लागली, आणि बंगाल व बिहार प्रांतांतील निळीचा धंदा त्यापुढें उत्तरोत्तर बसत गेला. एका मुलाच्या सुट्टींतील प्रयोगानें जगाच्या व्यापाराची दिशा कशी फिरली, हें ह्या कथेवरून ध्यानांत येईल.

हे नवे रंग स्वस्त, चमकदार व पक्के. त्यांचा पक्केपणा हाच गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें गुण, आणि नदीच्या दृष्टीनें दोष. ॲझो रंगाच्या रेणूंत नत्राचे दोन अणु एकमेकांस दुहेरी बंधानें जोडलेले असतात, व त्यांच्या दोहों बाजूंस कार्बनाचीं वलयें असतात. सूर्यप्रकाश, साबण, घाम व सूक्ष्म जंतु यांनीं ही रचना सहजासहजीं मोडूं नये म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं ती मुद्दाम तशी योजिली आहे. साडीवरील रंग वर्षानुवर्षें टिकावा असें आपणांस वाटतें. मग तोच रंग पाण्यांत गेल्यावर आठ दिवसांत नाहींसा व्हावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?

एक किलो कापड धुऊन, विरंजन करून व रंगवून तयार होईपर्यंत सुमारें शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी खर्च होतें. टाक्यांत घातलेला सर्व रंग कापडास लागत नाहीं. सुती कापडासाठीं आज जे रंग पुष्कळ वापरतात त्यांचा दहांतील एक भाग, कधीं कधीं तीन ते चार भागही, कापडास न चिकटतां पाण्याबरोबर वाहून जातो. त्या पाण्यांत मीठ, सोडा व साबणासारखीं द्रव्यें असतात तीं निराळींच. कित्येक रंग असे आहेत कीं एका लिटरांत एक मिलिग्रॅम एवढा अंश असला तरी डोळ्यांस दिसतो. नदींत असें पाणी शिरलें म्हणजे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचत नाहीं. शेवाळ व पाणवनस्पति यांस आपलें अन्न तयार करतां येत नाहीं. पाण्यांतील प्राणवायु कमी होतो व मासे मरूं लागतात. शिवाय कांहीं ॲझो रंग प्राणवायुविरहित गाळांत मोडले असतां त्यांपासून कर्करोग उत्पन्न करणारीं द्रव्यें निघतात. म्हणूनच १९९० ते २००० या दशकांत आपल्या सरकारनें अशा कित्येक रंगांवर बंदी घातली.

हें संकट कागदावरचें नव्हे. तामिळनाडूंतील तिरुप्पूर हें शहर विणलेल्या बनियनांच्या व तयार कपड्यांच्या निर्यातीसाठीं प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळून नोय्यल नदी वाहते. शेतीस पाणी मिळावें म्हणून ह्या नदीवर ओरातुपाळयम येथें धरण बांधण्यांत आलें. तें १९९२ सालीं पुरें झालें. परंतु त्यांत सांठलें तें वरच्या बाजूच्या रंगशाळांचें खारट व रंगीत पाणी. शेतकऱ्यांनीं तेंच पाणी शेतांस दिलें. जमिनी खारावल्या, विहिरी नासल्या. अखेर शेतकरी न्यायालयांत गेले, व जानेवारी २०११ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें तेथील सर्व रंगशाळा बंद ठेवण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्यांस न्याय मिळाला. परंतु त्याच दिवसापासून हजारों रंगारी व मजूर रोजगारास मुकले. एका बाजूस ज्याची विहीर नासली तो शेतकरी, दुसऱ्या बाजूस ज्याची चूल विझली तो मजूर. ह्या दोघांपैकीं कोणाचें दुःख हलकें म्हणावें? पुढें तेथील रंगशाळांस पाणी पूर्णपणें शुद्ध करून पुन्हां वापरण्याच्या अटीवर चालण्याची मुभा मिळाली. पाणी शुद्ध करण्याची स्वस्त युक्ति जर हातीं असती, तर हा प्रसंगच कदाचित् आला नसता.

आपल्या महाराष्ट्रासही हा प्रश्न परका नाहीं. पंचगंगेच्या कांठचें इचलकरंजी, चादरींचें सोलापूर, हातमाग व यंत्रमाग यांचें भिवंडी, ह्या सर्व ठिकाणीं हजारों कुटुंबांचा चरितार्थ सुतावर चालतो. पंचगंगेचें पाणी दूषित होण्याच्या कारणांत शहरांतील मैला व कारखान्यांचें सांडपाणी हीं दोन्ही मोडतात, आणि कापडाच्या धंद्यांतील रंगाचें पाणी त्या सांडपाण्याचाच एक भाग आहे.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या रीति आज नाहींत असें नव्हे. चुना व तुरटी घालून रंगाचा सांका तळाशीं बसवितात. परंतु त्यापासून गाळाचे ढीग उत्पन्न होतात. जंतूंकडून घाण खाववून घेतात. परंतु पक्के रंग जंतूंस पचत नाहींत. अति बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पाणी दाबानें गाळतात, व उरलेलें खारट पाणी आटवून मीठ वेगळें काढतात. तिरुप्पूर येथें हीच रीति चालू आहे, आणि ती उत्तम आहे. पण तिला वीज व पैसा फार लागतो. मोठ्या कारखान्यास तो खर्च झेपतो, गल्लींतील दोन टाक्यांच्या रंगाऱ्यास झेपत नाहीं. चौथी रीति अशी कीं, एखाद्या सच्छिद्र पदार्थाच्या पृष्ठभागावर रंग चिकटवून घ्यावयाचा व तो पदार्थ पाण्यांतून काढून टाकावयाचा. आमच्या लेखाचा मुख्य विषय हाच आहे.

येथें दोन शब्दांतील भेद विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा. टीपकागद शाई पितो, म्हणजे शाई त्याच्या आंत शिरते. ह्यास शोषण म्हणतात. कोळशाच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणु, गुळाच्या ढेपेवर माशा बसाव्या तसे, नुसते चिकटून बसतात. ह्यास अधिशोषण म्हणतात. १७८५ सालीं रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें योहान टोबियास लोविट्झ यानें, कोळशाच्या पुडीनें रंगीत द्रावणें निर्मळ होतात, हें प्रथम दाखविलें. पुढें साखर शुभ्र करण्याकडे ह्या गुणाचा उपयोग झाला. अमेरिकेंतील अर्व्हिंग लॅंगम्यूर यानें १९१८ सालीं ह्या क्रियेचें गणित बसविलें. त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ असा कीं, पृष्ठभागावर रेणूंस बसण्याच्या जागा मोजक्या असतात. एका जागीं एकच रेणु बसतो. सर्व जागा भरल्या म्हणजे पदार्थ ‘पोट भरलेला’ होतो, व मग तो अधिक रंग घेत नाहीं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रांतील कामगिरीबद्दल त्यास १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तेव्हां सर्व मर्म पृष्ठभागांत आहे. आतां ‘नॅनो’ ह्या शब्दाकडे वळूं. मीटराचे शंभर कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें ऐशीं हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. एक ते शंभर नॅनोमीटर एवढ्या मापाच्या कणांस नॅनोकण म्हणतात, आणि अशा मापांत काम करण्याच्या विद्येस ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हें नांव नोरिओ तानिगुची या जपानी शास्त्रज्ञानें १९७४ सालीं दिलें. पदार्थ इतका बारीक करून काय साधतें, तें एका साध्या हिशेबानें कळेल. एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्यास सहा तोंडें. म्हणून त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आतां त्याचे एक नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले अशी कल्पना करा. पदार्थ तेवढाच राहिला, वजन तेवढेंच राहिलें. परंतु सर्व घनांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर झाला! म्हणजे जो पदार्थ बोटाच्या टोंकावर मावत होता, त्याचा पृष्ठभाग जवळ जवळ दीड एकर शेताएवढा झाला. वरच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. इतक्या विस्तीर्ण पृष्ठभागावर रंगाच्या किती रेणूंस बसावयास जागा मिळेल, हें निराळें सांगावयास नको.

असे पदार्थ विकत घ्यावयाचे तर महाग पडतात. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि शेतांतील व स्वयंपाकघरांतील टाकाऊ वस्तूंकडे गेली. प्रथम भाताचें तूस घेऊं. शंभर किलो भात सडलें कीं सुमारें वीस किलो तूस निघतें. तें जाळलें असतां सुमारें चार किलो राख उरते, आणि त्या राखेचा बहुतेक भाग शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, असतो. भाताचें रोप जमिनींतून विरघळलेली सिलिका ओढून घेतें व आपल्या दाण्याच्या कवचांत सांठवितें. म्हणूनच तूस अंगास बोंचतें व गुरें तें आवडीनें खात नाहींत. हें तूस सौम्य आम्लांत उकळून धुतात, सहाशें ते सातशें अंश उष्णतेवर भाजतात, राख कॉस्टिक सोड्यांत विरघळवितात व त्या द्रावणांत हळूहळू आम्ल सोडतात. मग सिलिकेचे अतिसूक्ष्म कण शुभ्र चिकाच्या रूपानें खालीं बसतात. असल्या सिलिकेच्या एका ग्रॅमाचा पृष्ठभाग शंभराहून अधिक चौरस मीटर भरतो. उष्णता मात्र जपून द्यावी लागते. ती फार वाढली तर सिलिकेचे स्फटिक बनतात. त्यांचा पृष्ठभाग कमी असतो, आणि त्यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते.

दुसरी वस्तु म्हणजे उसाचें चिपाड, कपाशीची पऱ्हाटी व केळ्याची साल. ह्यांत सेल्युलोज नांवाचे तंतु असतात. लिग्निनादि चिकट द्रव्यें अल्कलीनें व विरंजनानें काढून टाकून उरलेले तंतु तीव्र गंधकाम्लांत बेताच्या उष्णतेवर ठेविले, म्हणजे त्यांचा ढिला भाग विरघळतो, आणि कांहीं नॅनोमीटर जाडीच्या टणक सुया शिल्लक राहतात. ह्यास नॅनोसेल्युलोज म्हणतात. मुंबईस माटुंगा येथें १९२४ सालीं स्थापन झालेली कापसाच्या संशोधनाची सरकारी संस्था आहे. तेथें नॅनोसेल्युलोजावर बरेंच काम झालें आहे. कापसाचें कापड रंगवितांना पाणी बिघडावें, आणि त्याच कपाशीच्या काड्यांतून निघालेल्या तंतूंनीं तें सुधारावें, हा योग मोठा विचार करण्यासारखा आहे.

तिसरी युक्ति लोखंडाची. नारळाच्या करवंट्या, शेंगांचीं टरफलें किंवा डाळिंबाचीं सालपटें बंद भांड्यांत हवेवांचून भाजलीं कीं त्यांचा कोळसा होतो. हा कोळसा लोहाच्या दोन प्रकारच्या क्षारांच्या द्रावणांत भिजवून त्यांत अमोनिया घातला, तर त्याच्या अंगावर मॅग्नेटाइटाचे, म्हणजे लोहचुंबकी दगडाच्याच द्रव्याचे, नॅनोकण बसतात. त्याचा लाभ असा: नॅनोकण पाण्यांत मिसळणें सोपें असतें, पण ते परत काढणें कठीण; साध्या कापडांतून ते निसटून जातात. ह्या कोळशास मात्र बाहेरून लोहचुंबक लावला कीं तो रंगासकट भांड्याच्या बाजूस येऊन चिकटतो, व निर्मळ पाणी ओतून घेतां येतें. शिवाय वापरलेला चहाचा चोथा व डाळिंबाची साल ह्यांत टॅनिनाच्या जातीचीं तुरट द्रव्यें असतात. त्यांचा काढा लोहक्षारांत मिसळला असतां लोहाचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या साहाय्यानें ते रंगाचे रेणु नुसते धरून न ठेवतां तोडून टाकतात. सोलापूर जिल्हा चादरींसाठीं जसा, तसाच डाळिंबांसाठींही प्रसिद्ध आहे. पूर्वीं डाळिंबाच्या सालीनें कापड रंगवीत. तीच साल आतां रंग काढण्याच्या कामीं येऊं पाहत आहे.

कोणत्या रंगास कोणता पदार्थ लागू पडेल, हें विजेच्या भारावर अवलंबून असतें. गालाच्या आंतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यासाठीं शाळेंत जो मिथिलीन ब्ल्यू रंग वापरतात, त्याचा रेणु पाण्यांत धनभारित असतो. कॉंगो रेड हा ऋणभारित असतो. तुसाची सिलिका व आम्लानें केलेलें नॅनोसेल्युलोज ह्यांचा पृष्ठभाग सहसा ऋणभारित असल्यामुळें ते मिथिलीन ब्ल्यूस सहज ओढून घेतात, परंतु कॉंगो रेडास दूर लोटतात. अशा वेळीं पाण्याची आम्लता बदलावी लागते, किंवा त्या कणांवर धनभार येईल असे दुसरे रेणु जोडावे लागतात. वैद्य जसा नाडी पाहून औषध देतो, तसें येथेंही आधीं पाण्याची परीक्षा करून मगच पदार्थ निवडावा लागतो.

आतां आम्ही दुसरी बाजू सांगतों. कारण वर्तमानपत्रांतून अशा शोधांची स्तुति पुष्कळ येते, अडचणी मात्र क्वचित् येतात. उदाहरणादाखल असें धरूं कीं, एक ग्रॅम पुडीस शंभर मिलिग्रॅम रंग धरतां येतो, आणि पाण्याच्या दर लिटरांत पन्नास मिलिग्रॅम रंग आहे. मग एका ग्रॅमानें दोन लिटर पाणी साफ होईल. एखादी रंगशाळा दिवसाला एक लाख लिटर पाणी सोडीत असेल, तर तिला रोज पन्नास किलो पूड लागेल. रंगानें भरलेल्या ह्या पन्नास किलो पुडीचें संध्याकाळीं काय करावयाचें? ती ओढ्याकांठीं ओतली, तर पहिल्या पावसांत रंग पुन्हां नदींत जाणार. म्हणून ती आम्ल, अल्कली किंवा मद्यार्क यांनीं धुऊन पुन्हां वापरावी लागते, व शेवटीं योग्य भट्टींत नष्ट करावी लागते. प्रत्येक धुण्याबरोबर तिची शक्ति थोडी थोडी घटत जाते.

दुसरी अडचण ही कीं, प्रयोगशाळेंत शुद्ध पाण्यांत एकच रंग घालून पाहतात. खऱ्या सांडपाण्यांत पांच-सहा रंग, मीठ व साबण एकत्र असतात. मिठाचे भारित कण व रंगाचे रेणु एकाच जागेसाठीं भांडतात, आणि कांचेच्या पेल्यांत जें उत्तम साधलें तें टाक्यांत निम्मेंही साधत नाहीं. तिसरी अडचण: रंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी शुद्ध झालेंच असें नाहीं. रेणु तुटला, पण त्याचे तुकडे विषारी राहिले, तर तें पाणी दिसावयास निर्मळ व पिण्यास घातकच होय. चौथी: नॅनोकण स्वतःच पाण्यांत निसटले तर माशांवर व मनुष्यांवर त्यांचा काय परिणाम होतो, ह्याची परीक्षा करावी लागते. आणि पांचवी: ‘टाकाऊ’ म्हणविलेली प्रत्येक वस्तु खरोखर टाकाऊ नसते. साखर कारखाने चिपाड जाळून वाफ व वीज करतात. तूस वीटभट्टींत जातें. पऱ्हाटी गरिबाच्या चुलींत जाते. शिवाय आम्ल, सोडा व उष्णता ह्यांचा खर्च हिशेबांत धरल्यावांचून कोणतीही वस्तु स्वस्त म्हणतां येत नाहीं. ह्याच कारणांनीं ह्या विषयावर देशोदेशीं पुष्कळ प्रयोग झाले असले, तरी प्रयोगशाळेंतून रंगशाळेपर्यंतची वाट अजून थोडकीच चालून झाली आहे.

विद्यार्थ्यांनीं नॅनोकण तयार करण्याच्या भरीस पडूं नये. तीव्र आम्लें व बारीक धूळ हीं दोन्ही धोक्याचीं आहेत. परंतु अधिशोषणाचें तत्त्व मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष पाहतां येतें. लांकडी कोळसा कुटून, वस्त्रगाळ करून व ओला करून धुऊन घ्या. तीन बाटल्या घ्या. पहिलींत मिथिलीन ब्ल्यूच्या दोन थेंबांनीं निळें केलेलें पाणी व चमचाभर पूड. दुसरींत तेंच निळें पाणी, पुडीवांचून. तिसरींत साधें पाणी व पूड. तिन्ही बाटल्या सारखा वेळ हालवा, एक तास ठेवा, व मग तिन्ही गाळणकागदांतून गाळून शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. दुसरी बाटली कशाला, असें कोणी विचारील. गाळणकागद हाही सेल्युलोजाचाच असल्यामुळें थोडा रंग तो स्वतःच धरतो. तेव्हां कोळशाचें श्रेय किती व कागदाचें किती, हें दुसऱ्या बाटलीवांचून कळणार नाहीं. तिसरीवरून पूड स्वतः पाणी गढूळ करते कीं काय, तें समजतें. डाळिंबाच्या सालीची कच्ची पूड घेऊन हाच प्रयोग केल्यास तिसऱ्या बाटलींतील पाणी पिवळें झालेलें दिसेल. साल आधीं भाजून किंवा धुऊन कां घ्यावी लागते, तें तेथें आपोआप उमजेल. प्रयोग संपल्यावर गाळ मोरींत ओतूं नका.

पालकांस आमची एक विनंति आहे. ज्यांचा धंदा सुताचा, त्यांनीं आपल्या टाक्यांतील पाणी कोठें जातें हें एकदां स्वतः चालत जाऊन पाहावें. ज्यांचा धंदा सुताचा नाहीं, त्यांनींही रंगाऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपल्या घरांतील कपड्यांची संख्या मोजावी. कारण त्या प्रत्येक कपड्यामागें पाण्याच्या कित्येक घागरी खर्च झालेल्या आहेत. कपडा अधिक दिवस वापरणें हीही नदीची सेवाच आहे, आणि तिला कोणतेंही यंत्र लागत नाहीं.

पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे आपल्या प्रभूनें शिष्यांकडून गोळा करविले, व त्यांनीं बारा टोपल्या भरल्या, ही गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. ज्याच्या हातीं इतकी समृद्धि होती, त्यानेंही तुकडे वाया जाऊं दिले नाहींत. तूस व सालपट ह्यांकडे त्या दृष्टीनें पाहण्यास आमच्या शास्त्रज्ञांनीं आरंभ केला आहे. ह्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणी पुढें रसायनशास्त्र शिकतील, कोणी कापडाच्या धंद्यांत शिरतील, कोणी नदीच्या खालच्या अंगास शेती करतील. ह्या तिघांनीं एकत्र बसून वर सांगितलेल्या पांच अडचणींपैकीं एक जरी सोडविली, तरी मजुराची चूल व शेतकऱ्याची विहीर ह्यांतून एकच निवडण्याचा प्रसंग पुढच्या पिढीवर येणार नाहीं.